कॉलिंगवूड की कार्लटन?

प्रश्न : दादा, शनिवारी एमसीजी मैदानावर ऑस्ट्रेलियन फुटबॉलची कॉलिंगवूड-कार्लटन मॅच आहे, मेलबर्नचा मावसभाऊ बघच म्हणतोय. मी पहिल्यांदाच बघणारे, काय बघू? – एक वाचक, देवगड

उत्तर : अरे नक्की बघ, मी आठवडाभर वाट बघतोय! तिथले दुपारचे अडीच म्हणजे आपले सकाळचे दहा, मासळी आधीच आणून ठेव. मधल्या दोन उंच खांबांतून लाथेने बॉल गेला की 6 पॉइंट, बाजूने गेला तर 1 च. पण खरी मजा मार्कची, समोरच्याच्या पाठीवर गुडघा टेकवून हवेतच बॉल धरतात ना, माडावर चढल्यासारखं, अंगावर काटाच येतो. आणि कॉलिंगवूड पुढे गेली म्हणून उठू नको, 1970 च्या फायनलला हाफटाइमला कार्लटन 44 पॉइंटनी मागे होती, तरी 10 नी जिंकली! मी मात्र कॉलिंगवूडचाच.