जळगावच्या उन्हात गच्चीवर भाजीपाला आणि घरचं खत कसं शिकावं? त्यासाठी कोर्स लावावा का?

कोर्स लावू नका. शिबिरात जे शिकवतात ते बहुतेक पुण्या-मुंबईच्या हवेचं असतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, टोमॅटोची फुलं नुसती गळतात आणि आपण खत बदलत बसतो. दोष उन्हाचा असतो. उन्हाळ्यात गवार, भेंडी, पोकळा लावा, वर हिरवी जाळी बांधा आणि टोमॅटोचं नाव दिवाळीपर्यंत काढू नका.

आता खरं सांगते, तुमचा प्रश्न वाचून मला आमचे जेठ, म्हणजे थोरले दीर, आठवले. रावेरकडे त्यांची केळी आहे. ते माझ्याशी थेट बोलत नाहीत, समोर बसलेली असले तरी नवऱ्याला सांगतात. मी गच्चीवर भरताची वांगी लावली तेव्हा म्हणाले, "सांग तिले, कुंडीत गुलाब येतो, भरताचं वांगं येत नही." ज्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते निळ्या ड्रममध्ये कसं येईल, असा त्यांचा सवाल.

आलं की. ड्रम आडवा अर्धा कापला, तळाला भोकं पाडली, निम्मी काळी माती, बाकी घरचं खत आणि पालापाचोळा. नुसती काळी माती भरू नका, ती वाळली की दगड होते आणि पाणी कडेकडेनं निघून जातं. जुलैत बी टाकलं, ऑगस्टअखेर रोपं हलवली, मार्गशीर्षात मळ्यात भरीत पार्टी होती तिथे पिशवी भरून नेली. हिरवट पांढरी, हाताला जड वांगी. पऱ्हाट्यांच्या, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या काड्यांच्या, जाळावर बाकीच्यांबरोबर टाकली, साल करपून फुटली, ठेचली. जेठांनी दोनदा वाढून घेतलं आणि नवऱ्याला म्हणाले, "बी तर आपल्याच मळ्यातलं ना?"

बी त्यांचंच होतं. पण खत माझं होतं, आणि तेच त्यांना मान्य करायचं नाही. त्यांच्या मते खत म्हणजे उकिरडा, तो गावाबाहेर, वर्षभर पडलेला. घरात केलं की वास मारणारच.

वास कचऱ्याला नसतो, ओलेपणाला असतो. भाजीची देठं-सालं एक घमेलं, तर त्यावर सुका पाला दोन घमेली. खताच्या ड्रमला बाजूनं भोकं. आठवड्यातून एकदा काठीनं खालीवर. मूठभर उचलून दाबा: थेंब-दोन थेंब पडले तर बरोबर, धार लागली तर आणखी सुका पाला, हातात भुगा झाला तर पाणी. सुरुवातीला आंबट ताक किंवा ओंजळभर शेण. चार दिवसांत आतून गरम लागतं, साधारण तीन महिन्यांत खत चाळता येतं. शेवभाजीची उरलेली तर्री त्यात ओतू नका, तेलानं सगळं चिकट होऊन कुजतं. गांडुळं हवी असतील तर पावसाळ्यात आणा, आपल्या उन्हाळ्यात ती सावलीत, ओल्या गोणपाटाखालीसुद्धा जेमतेम तगतात.

सुका पाला कुठून आणायचा, असं विचाराल. आमच्या जेठांसारख्यांकडून. केळीचा वाळलेला पाला ते बांधावर जाळतात आणि मग पोटॅशची गोणी विकत आणतात, जो पोटॅश त्या पाल्यात भरपूर असतो. निदान त्याची राख तरी मळ्यात टाका म्हटलं, तर वारा घेऊन जातो म्हणतात. नवऱ्याला सांगतात अर्थात.

एक राहिलंच. गच्चीचा स्लॅब जुना असेल तर आधी मिस्त्रीला दाखवा, ओली माती फार जड असते, ड्रम भिंतीच्या किंवा बीमच्या वर ठेवा. आणि माझा हिशेब गच्चीपुरता आहे. दहा एकर केळी नुसत्या घरच्या खतावर काढून दाखव असं जेठ म्हणाले, तर मी गप्प बसेन. अजून तरी म्हणालेले नाहीत, त्यामुळे तुम्हीही कुठे बोलू नका.