काडतुसे घरी भरावीत का?

प्रश्न : मी निपाणीचा असून क्लबमध्ये 10 मीटर एअर रायफल व 50 मीटर .22 रायफल चालवतो. परदेशी नेमबाज काडतुसे स्वतः भरतात असे ऐकले. सुरुवात कशी करावी?

उत्तर : आपल्या दोन्ही प्रकारांत हा खटाटोप निरुपयोगी आहे, कारण एअर रायफलला काडतूस लागतच नाही, तर .22 रिमफायर काडतुसाचा प्रायमर, म्हणजे आघाताने पेटणारा मसाला, त्याच्या बुडाच्या कडेतच भरलेला असतो आणि घोड्याच्या आघाताने ती कड एकदा चेपली की ते कवच पुन्हा भरण्याजोगे राहत नाही. पुनर्भरणाची विद्या मोठ्या, सेंटरफायर (प्रायमर बुडाच्या मध्यभागी असलेल्या) काडतुसांची. शिवाय शस्त्र अधिनियम, 1959 नुसार विनापरवाना दारूगोळा बनवणे गुन्हा आहे. निपाणीत काय नि पलीकडे महाराष्ट्रातल्या कागलला काय, कायदा एकच.

तोच चोखंदळपणा लॉट, म्हणजे कारखान्यात एकत्र बनलेला माल, निवडण्यात दाखवावा. एअर रायफलच्या डबीवर छर्‍याच्या डोक्याचा व्यास 4.49, 4.50 असा छापलेला असतो. कोणता आपल्या नळीला मानवेल हे डबी सांगत नाही, निशाणाचा कागद सांगतो. रायफल पक्क्या टेकूवर ठेवून प्रत्येक लॉटचे दहा-दहा छर्रे एकाच ठिकाणी झाडावेत, सर्वांत दूरच्या दोन छिद्रांच्या बाहेरच्या कडांमधील अंतर मोजून त्यातून छर्‍याच्या व्यासाचे 4.5 मिलिमीटर वजा करावेत; उरलेले अंतर जितके कमी तितका लॉट चांगला. एअर रायफलच्या निशाणावर दहा गुणांचे वर्तुळ अवघे अर्ध्या मिलिमीटरचे असल्याने हा फरक गुणांत उतरतो. दहा छर्‍यांच्या एकाच गटावर विसंबू नये, निदान तीन झाडावेत. .22 चीही परीक्षा अशीच, आणि पसंत पडलेला लॉट हंगामापुरता एकदमच घ्यावा. छर्रे तराजूवर तोलत बसण्याचे वेड मात्र आम्हांला फारसे फलदायी वाटत नाही.