बीपीची गोळी नुकतीच सुरू झालीये? आधी एवढं बघा

ताई, बीपीची गोळी सुरू केल्यापासून त्रास होतोय म्हणून तुम्ही विचारलंत ना, घाबरू नका, सुरुवातीला बऱ्याच जणांना असा त्रास होतो. मी 11 वर्षं गोळ्या घेतोय. सगळ्यात मोठी चूक म्हणजे जरा त्रास झाला की गोळी मनानेच बंद करणं, मीपण केली होती आणि चौथ्या दिवशी बीपी 180 च्या वर गेलं. मेटोप्रोलोलसारखी हृदयाचे ठोके मंद करणारी गोळी तर अचानक तोडायचीच नाही.

तुमची अमलोडिपिन आहे ना, मग संध्याकाळी मोज्याचा वण खोल उमटतो, घोट्यावर बोट दाबलं की खळगा तसाच राहतो, ती सूज बहुतेक गोळीचीच, डॉक्टरांना दाखवा, डोस कमी करतात किंवा गोळी बदलतात. रामिप्रिल या बीपीच्या गोळीने काहींना कोरडा खोकला येतो, त्यावर कफ सिरपच्या बाटल्या संपवू नका, टेल्मिसार्टनसारखी दुसरी गोळी चालेल का विचारा.

- चक्कर येत असेल तर झोपेतून उठल्यावर मिनिटभर पलंगावर बसा, मग उभं राहा.
- लघवी वाढवणारी बीपीची गोळी असेल तर डॉक्टरांना विचारून सकाळी घ्या, नाहीतर रात्रभर बाथरूमच्या फेऱ्या.
- गुडघे दुखले म्हणून मेडिकलमधून ब्रुफेन, डायक्लोफिनॅक आणू नका, त्याने बीपी वाढतं.

ओठ किंवा जीभ सुजली, श्वास अडकला तर मात्र वाट बघू नका, लगेच हॉस्पिटल गाठा.

आणि रीडिंग वहीत लिहीत जा हं, तारीख-वेळेसकट.