नानांना विचारा : बासचे रबरी किडे आणि आपली मरळ

मागच्या अंकात गळाच्या गाठींवर लिहिलं होतं, त्याला आलेल्या पत्रांत गाठीबद्दल दोनच प्रश्न निघाले, बाकी सगळे गळाला आमिष म्हणून लावायच्या त्या रबरी किड्यांबद्दल. यूट्यूबची कृपा. तर हा अंक त्यांचाच.

प्रश्न (भुसावळ) : नाना, नमस्कार. अमेरिकेतले बास मासा पकडायचे व्हिडिओ बघून चार प्रकारचे क्रीचर बेट (म्हणजे किड्यासारखी रबरी आमिषं) ऑनलाइन मागवले. झूमचा ब्रश हॉग, स्ट्राइक किंगचा रेज बग, स्वीट बीव्हर, आणि झी-मॅनचा एक छोटा झिंग्यासारखा. हातात घेतले तर सगळे सारखेच लिबलिबीत. बायको म्हणते मुलांची खेळणी आणली का. हतनूर धरणावर मरळीला यातलं कोणतं चालेल? की पैसे पाण्यात गेले?

ना भो, पैसे पाण्यात जायचेत अजून, तेच तर करायचंय. पण पहिली मरळ लागायच्या आधीच चार पुडे घ्यायची गरज नव्हती हे वहिनींचं बरोबर आहे.

आधी एक सांगून टाकतो कारण प्रत्येक वेळी कुणीतरी विचारतंच, बास आपल्याकडे हतनूर, गिरणा, वाघूर कुठंच नाही. तो उत्तर अमेरिकेतला मासा, आणि हे किडे त्याच्यासाठी बनलेत. तिकडच्या तळ्यांत क्रॉफिश असतो, म्हणजे झिंगा आणि खेकडा यांच्या मधलं काहीतरी, नांग्या असलेलं, आणि बास तो मिटक्या मारत खातो. क्रीचर बेट म्हणजे थोडा तो क्रॉफिश, थोडी पाल, थोडा किडा, सगळं एकात कालवलेलं, नेमकं कशासारखं विचारशील तर कशासारखंच नाही. माशाचं त्यावाचून काही अडत नाही, त्याला पाय हलवत काहीतरी खाली चाललंय एवढं दिसलं की पुरे. आणि आपली मरळ पण बाससारखीच, जलपर्णीच्या कडेला, बुडालेल्या बाभळीच्या खोडाला चिकटून दबा धरून बसणार आणि जवळून काही गेलं की झडप घालणार. म्हणून तो माल इथं पण चालतो.

आता ते सारखे दिसतात त्यावर उपाय सांगतो, घरी हौद असेल नाहीतर मोठी बादली असेल तर त्यात एकेक सोडून बघ. पाच ग्रॅमचं गोळीच्या आकाराचं शिसं पुढं ओवायचं, मागं ऑफसेट हुक (मानेला वाक असलेला गळ), हुकाचं टोक रबरात लपवायचं, यालाच टेक्सास रिग म्हणतात, आणि मग सोडायचं. पुडीवर किंवा व्हिडिओत कुणी काय म्हणालं ते विसरून नुसतं खाली जाताना बघायचं.

ब्रश हॉग सगळ्यात मोठा, सहा इंची. बाजूला पंखासारखे तुकडे, मागं वळलेल्या शेपट्या, खाली जाताना सगळंच हलतं आणि त्या पसाऱ्यामुळं तो सावकाश जातो. मोकळ्या पाण्यात, तळावरून हळूहळू ओढायला मस्त. पण जलपर्णीत त्याचे इतके हातपाय की प्रत्येक मुळीत एक अडकतो, मी एकदा तापीवरच्या प्रकाशा बॅरेजच्या वरच्या अंगाला अर्धा तास त्याच्याशी भांडलो, मासा एक नाही आणि पाला मात्र दोन किलो काढला असेल. तुझ्याकडं मोठाच आला असेल तर पुढून इंचभर कापून टाक, काही बिघडत नाही.

रेज बग चार इंची. त्याच्या नांग्यांच्या कडेला एक उचललेली धार असते, बोट फिरवलं की लागते, त्या धारेवर पाणी आपटतं आणि नांग्या फडफड करतात. हौदात बघशील तर पाण्याला धक्के देत चाललाय असं दिसतं. गढूळ पाण्याला हाच. श्रावण-भादव्यात तापीला पूर येतो, हतनूरचे 41 दरवाजे कधी अर्धे कधी पूर्ण उघडतात, त्यानंतर काठाचं पाणी चहासारखं असतं, त्यात मासा डोळ्यानं थोडंच शोधणार, मरळीच्या अंगावरच्या रेषेला पाण्यातला थरथराट कळतो आणि ती त्यावरून येते. तेव्हा रंगाची चिंता सोड, काळा-निळा लाव आणि फडफडू दे.

स्वीट बीव्हर उलटा. चपटं अंग, त्यावर आडव्या रेघा, मागं दोन चपट्या शेपट्या जोडून आलेल्या, त्या हातानं फाडून वेगळ्या करायच्या असतात (पुष्कळ जण करतच नाहीत आणि मग म्हणतात हलत नाही). हा फडफडत नाही, सुळकन जातो. आणि तेच त्याचं काम, दाट जलपर्णीच्या भोकातून खाली उतरवायचा तर असा सडपातळच पाहिजे. थंडीत पाणी गार पडलं, मासा सुस्त झाला की पण हाच, कारण सुस्त माशासमोर फार नाचलं तर तो उठत नाही. पौष महिन्यात सकाळी सात वाजता आपल्याला कुणी नाचायला सांगितलं तर आपण उठतो का.

चौथा झी-मॅनचा, तो वेगळ्या जातीचा आहे, त्याचं रबर वेगळं. ओढून बघ, हातभर ताणतो तरी तुटत नाही. आणि तो तरंगतो, म्हणजे तळाला शिसं टेकलं की मागचा भाग वर उभा राहतो, नांग्या वर, जसा खेकडा अंगावर येताना करतो तसा. मरळीचे दात माहितीयत ना, साधं रबर दोन-तीन चाव्यांत फाटतं, हा टिकतो. आकारानं लहान आहे, तळ मोकळा असेल, खडक-वाळू असेल तिथं टाक. चिखल असेल तर उपयोग नाही, शिसं रुततं आणि नांग्या पण अर्ध्या गाळात.

मला एकच ठेवायला सांगितलं तर? रेज बग ठेवीन. पण खरं सांगू का, तू कोणता लावतोस यापेक्षा पुढं शिसं किती लावतोस यानं जास्त फरक पडतो. पाच ग्रॅम म्हणजे सावकाश, दहा ग्रॅम म्हणजे झपकन, आणि अमेरिकेत गवताची चादर फोडायला 28 ग्रॅम आणि वरही लावतात. माझ्याकडं येणारी पोरं दहा रंगाचे किडे आणतात आणि शिसं एकाच मापाचं. आधी तीन मापांचं शिसं घ्या, किडा एकच असला तरी तो तीन किडे होतो.

प्रश्न (शिरपूर) : नाना, डब्यातले सगळे किडे एकमेकांना चिकटून त्याचा लगदा झाला. ऑनलाइन विकणाऱ्यानं डुप्लिकेट माल दिला असेल का?

डबा गाडीत ठेवला होतास ना? मे महिन्यात? मग विकणाऱ्याला शिव्या देऊ नको. आपल्याकडं उन्हाळ्यात 45 च्या वर जातं, बंद गाडीत त्याहून किती तरी जास्त, आणि हे किडे म्हणजे पीव्हीसी नरम करायला त्यात तेलासारखं रसायन घातलेलं असतं, तापलं की ते सुटायला लागतं. लाल किड्याचा रंग पांढऱ्याला लागतो, शेपट्या दाबल्या गेल्या की वाकड्याच राहतात, मग पाण्यात तो किडा गोल-गोल फिरतो. वाकडी शेपूट गरम पाण्यात घालून सरळ होते, चहाच्या पातेल्यात करू नका एवढंच.

पण लगदा झाला म्हणतोस म्हणजे मला दुसरा संशय आहे. त्यात झी-मॅनवाला तो ताणणारा किडा होता का साध्या पीव्हीसीच्या किड्यांसोबत? हे दोन एकत्र ठेवले की विरघळतात, उन्हाची पण गरज नाही. माझं झालंय. दिवाळीला डबा उघडला तर सहा किड्यांच्या जागी एक चिकट, जांभळट गोळा, त्यातून दोन नांग्या वर आलेल्या, आणि डब्याचा तळ पण खाल्लेला, बोट लावलं तर तार सुटली पाकासारखी. नातवानं विचारलं, आजोबा हा कोणता प्राणी. तेव्हापासून प्रत्येक किडा त्याच्याच पुडीत, ते पुडे कापडी पिशवीत, आणि पिशवी घरात माठाच्या बाजूला. फाटलेले साधे किडे फेकू नकोस, लायटरनं दोन्ही कडा जरा तापवून दाबून धर, जुळतात. आणि जे अगदीच गेले ते पाण्यात किंवा काठावर टाकू नका, ते कुजत नाहीत, मासा गिळतो आणि पोटात तसंच राहतं. खिशात घालून घरी आणायचं.

प्रश्न (पारोळा, कॉलेजचा विद्यार्थी) : हे रबरी किडे काढले कोणी?

अमेरिकेत ओहायो राज्यात अॅक्रन नावाचं गाव आहे, टायर-रबराचं गाव, तिथं निक क्रीम नावाच्या माणसानं 1949 साली घरच्या स्वयंपाकघरात प्लॅस्टिकचं गांडूळ ओतलं. पुढं त्यांचा धंदा टेक्सासला टायलर गावात गेला. टेक्सासच्या धरणांत बुडालेली झाडं फार, हूक सारखा अडकायचा, त्यातून टोक रबरात लपवायची ती टेक्सास रिग चालली. आपल्या धरणांत पण बुडीत बाभळी काय कमी आहेत.

प्रश्न (शहादा) : मी पाण्यावर तरंगणारा रबरी बेडूक वापरतो, सारंगखेडा बॅरेजवर मरळ झडप घालते पण लागत नाही, दहात सात वेळा रिकामा. मग परत बेडूक टाकला तर येत नाही. काय चुकतं?

दहात सात सगळ्यांचे रिकामे जातात भाऊ, जे नाही म्हणतात ते खोटं बोलतात. मरळ खालून अंदाजानं येते, वर पाला असतो, नेम चुकतो. चूक तुझी पुढं होते, की तू परत बेडूकच टाकतोस. ती वरून फसली आता, वर नाही येणार, पण लांब पण गेलेली नसते, तिथंच चार फुटांत खाली असते. म्हणून दुसरा रॉड तयार ठेव, त्यावर स्वीट बीव्हरसारखा सडपातळ किडा आणि पाच ग्रॅम शिसं, आणि झडपेनं पाल्यात जे भोक पडलंय ना त्याच भोकात टाक, दहा सेकंदांच्या आत. दोरा ढिला सोड आणि दोऱ्याकडंच बघ. दोरा बाजूला चालायला लागला की लगेच ओढू नको, दोन अंक मोज आणि मग दणकून मार, मरळीचं तोंड हाडाचं आहे, हळू ओढलं की हूक नुसता घसरतो. ब्रेड म्हणजे विणलेला दोरा पाहिजे, साधा तंगूस ताणतो आणि जोर तिथंच संपतो. बासवाले पण हेच करतात, बेडकामागं किडा.

एक मात्र. पाण्यावर लालसर पिल्लांचा गुच्छ खदखदताना दिसला तर तिथं टाकू नको. मरळ नर-मादी त्या पिल्लांखाली राखण करतात, जे जवळ येईल त्यावर धावतात, त्यामुळं ती लागते फार सोप्यात, आणि ती काढली की पिल्लं बाकीचे मासे तासाभरात साफ करतात. मरळ तेलंगणाचा राज्यमासा आहे, आपल्याकडं मात्र तिला कोणी विचारत नाही. आणि बॅरेजवर मासेमारीचा ठेका असतो, तिथल्या मच्छीमार सोसायटीच्या माणसाला विचारल्याशिवाय बसू नका, त्याचं पोट आहे त्यावर.

प्रश्न (चाळीसगाव) : माझं शेततळं आहे. बासची पिल्लं कुठून मिळाली तर सोडू का? मासा लढतो म्हणे फार.

नको. अजिबात नको. लढतो हे खरं, पण खातो पण तसाच. जगातल्या सगळ्यात घातक शंभर परक्या जातींची एक यादी आहे, त्यात हा बास आहे. जपानचंच बघा, 1925 साली तिथं एका तळ्यात सोडला, नंतर देशभर पसरला, तिथले मूळचे छोटे मासे याच्या पोटात जायला लागले, आणि 2005 मध्ये कायद्यानं बास पाळायला, सोडायला, जिवंत न्यायला बंदी घालावी लागली. गंमत म्हणजे जगातला सगळ्यात मोठा बास 1932 ला अमेरिकेत जॉर्जियात जॉर्ज पेरी यांनी धरला होता, साधारण दहा किलोचा, आणि 2009 मध्ये त्याची बरोबरी मनाबू कुरिता यांनी केली ती जपानच्या बिवा तलावात. म्हणजे परका मासा तिथं किती पोसला बघा.

शेततळं म्हणजे बंद पाणी, माझं कुठं जातंय, असं म्हणाल. एका पावसात सांडवा वाहिला की नाला, नाला की गिरणा, गिरणा की तापी. तिलापिया पण असाच परका मासा, त्याचं काय झालं ते तुम्ही रोज बाजारात बघता. रोहू-कटला सोडा, आणि लढाईच पाहिजे असेल तर गिरणा धरणाच्या काठी परवानगी काढून मरळ लावा.

प्रश्न (धुळे, एक ताई) : नाना, मी भावासोबत पांझरा नदीवर मासे धरायला जाते. तो किड्यांना वासाचं औषध लावतो, लसणाचा वास येतो त्याला. हे खरंच असतं का काही, की मला बनवतोय?

बनवत नाही ताई, बासवाले खरंच लसणाच्या वासाचा रंग आणि तेल लावतात, तयार बाटली मिळते. मासा वासानं लांबून येतो असं मला कधी दिसलं नाही, पण तोंडात घेतल्यावर थुंकायला एखादा सेकंद जास्त घेत असेल, आणि तेवढ्यात आपण ओढतो. मिठाचं पण तेच, पुष्कळ किड्यांत मीठ घालूनच येतं, चवीला आणि वजनाला. हाताला सनस्क्रीन, तंबाखू, पेट्रोल लागलं असेल तर तो वास झाकायला तरी लसूण बरा. भावाला म्हणावं महागाची बाटली कशाला, घरात दोन पाकळ्या ठेचून थोड्या तेलात घाल. पण मग त्याच हातानं भाकरी खाऊ नका, मी खाल्लीय, भरताला दिवसभर प्लॅस्टिकची चव येत होती.