गावातले चर्च सर्वांसाठी उघडताना

प्रश्न : आमच्या गावच्या (ता. पन्हाळा) जुन्या चर्चमध्ये रविवारच्या उपासनेला पंचवीसेक माणसे असतात, बाकी सहा दिवस कुलूप. तिथे गावाची अभ्यासिका चालावी, बचत गटांच्या बैठका व्हाव्यात, अशी मंडळीची (चर्चच्या सभासदांची) इच्छा आहे. इमारत ३० बाय २० फूट, भिंती जांभ्याच्या, वर मंगलोरी कौले. काही वर्षांपूर्वी आतून केलेला सिमेंटचा गिलावा कंबरेपर्यंत फुगून सुटतो आहे. सुरुवात कुठून करावी?

उत्तर : आधी कागद. अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर १८५२ साली कोल्हापुरात आले. तेव्हापासून उभ्या राहिलेल्या मिशनच्या कित्येक मिळकती गावच्या मंडळीच्या नव्हे, ट्रस्टच्या नावावर असतात. धर्मादाय कार्यालयातून परिशिष्ट १ चा (ट्रस्टच्या नोंदीचा) उतारा काढा, ग्रामपंचायतीच्या नमुना ८ शी (घरपट्टीच्या नोंदीशी) ताडून पाहा आणि विश्वस्तांचा लेखी ठराव घ्या. इमारत ३ वर्षांहून जास्त मुदतीने भाडेपट्ट्याने द्यायची तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. तुम्हाला पट्टा करायचे कारणच नाही. किल्ली मंडळीकडेच राहू द्या, फक्त वापराचे वार आणि वेळा ठरवा. उपासना, नाताळ, लग्न आणि अंत्यविधी यांचा पहिला हक्क ठरावातच लिहा. ऐनवेळी तोंडी सांगायला गेलात की वाईटपणा येतो.

आता भिंत. जांभा पाणी पितो. ते पाणी चुन्याच्या गिलाव्यातून वाळून जाते, सिमेंट मात्र ते कोंडून ठेवते. मग क्षार गिलाव्यामागे साचतात आणि पापुद्रे सुटतात. वरून पुन्हा सिमेंट लावलेत तर ओल आणखी वर चढेल. म्हणून दिवाळीनंतर ओलीच्या खुणेच्या फूटभर वरपर्यंत सगळे सिमेंट खरवडा, सांधे ब्रशने झाडा आणि भिंत उन्हाळ्यापर्यंत उघडी वाळू द्या. बाहेर जोत्याशी चढलेली माती उतरवून पाण्याला भिंतीपासून दूर ढाळ द्या. हे राहिले तर बाकीचा खर्च वाया. चुनकळी विझवून किमान ३ आठवडे पाण्याखाली ठेवा. १ भाग चुना, ३ भाग चाळलेली वाळू, १० ते १२ मिलिमीटरचे दोन थर, आणि आठवडाभर ओले गोणपाट. वर चुन्याचीच सफेदी. ऑइलपेंट किंवा प्लॅस्टिक पेंट नको.

शाकारणी मेच्या मध्यापर्यंत उरका. १०० चौरस फूट छपराला साधारण १५० कौले लागतात. दहा टक्के जादा आणून ठेवा. कौले उतरवली की कैचीची (छपराच्या लाकडी सांगाड्याची) भिंतीत शिरलेली टोके स्क्रू-ड्रायव्हरने टोचून पाहा. लाकूड कुजते ते तिथेच, आणि खालून अजिबात दिसत नाही.

वेदी आणि पुलपीट (प्रवचनाचा मंच) जागचे हलवू नका, पुढे जाड पडदा पुरे. बाके विकू नका. जमिनीत ठोकलेली असतील तर सोडवून हलती करा. अर्ध्या जागेत १२ जण नीट अभ्यासाला बसतील. त्यांच्यासाठी २० वॅटच्या ७-८ एलईडी ट्यूब ८-९ फुटांवर टांगा. कैचीला लावल्या तर उजेड वरच राहतो, वहीवर अंधार. जुने वायरिंग बदला आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) बसवाच.

प्रश्न : आमच्या चर्चमध्ये बाके काढल्यापासून बैठकीत बोललेले घुमते.

उत्तर : उघडी भिंत आणि फरशी आवाज परतवतात. बोलणाऱ्याच्या समोरच्या भिंतीवर, दोन इंच अंतर सोडून, ३-४ धनगरी घोंगडी टांगा. कसर लागू नये म्हणून महिन्यातून एकदा उन्हात घाला.