विचारा, सांगतो : सॉक्रेटिसच्या नाटकातले ऐंशी जण

प्रश्न : आमचा हौशी गट सॉक्रेटिसचा खटला आणि मृत्यू यांवर नाटक बसवतो आहे. विष प्यायल्यावरची तडफड किती दाखवावी? आणि न्यायाधीश एक ठेवावा की तीन?

उत्तर : आधी दुसऱ्याचं सांगतो, कारण नाटक उभं राहणार की झोपणार ते तिथेच ठरणार आहे. न्यायाधीश एकही नको. इ.स.पू. ३९९ सालच्या अथेन्समध्ये उंच खुर्चीतला न्यायमूर्ती नव्हता, वकीलही नव्हते. चिठ्ठ्या टाकून निवडलेले सुमारे ५०० नागरिक, सगळे तिशी उलटलेले, दिवसाला तीन ओबोल (छोटी नाणी) भत्ता घेऊन बसलेले. भाषणाची वेळ पाणघड्याळावर मोजायची, निकाल त्याच दिवशी. या लोकांनी आपसात खल करायची पद्धत नव्हती. ऐकायचं, आरडाओरडा करायचा, मत टाकायचं. त्याचा शिष्य प्लेटो याने लिहिलेल्या भाषणात सॉक्रेटिस 'गलका करू नका' असं पुन्हा पुन्हा म्हणतो, ते उगीच नाही. तेव्हा लाकडी हातोडा शोधत फिरू नका. प्रेक्षागृहातले दिवे मंद चालू ठेवा, चार-सहा नट प्रेक्षकांत पेरा आणि सॉक्रेटिसला सगळं समोर बघून बोलू द्या.

मतदान मात्र दोनदा दाखवा. मी वाचलेल्या बऱ्याच संहिता 'दोषी' म्हटल्याबरोबर तुरुंगात उडी मारतात आणि अख्ख्या कथेतला सगळ्यात नाट्यमय तासच गाळतात. पहिलं मतदान दोषी की निर्दोष एवढ्यापुरतं. तिथे तीस मतं फिरली असती तर आपण सुटलो असतो, असं सॉक्रेटिस स्वतःच म्हणतो. मग शिक्षेची पाळी. फिर्यादीने एक शिक्षा सुचवायची, आरोपीने दुसरी, आणि लोकांनी दोहोंतली एक उचलायची. फिर्यादी मेलेटसने मृत्यू मागितला. सॉक्रेटिसने हद्दपारी सुचवली असती तर ती बहुधा मान्य झाली असती. पण सत्तर वर्षांचा हा गृहस्थ म्हणतो, मला प्रायटेनियममध्ये, म्हणजे नगराच्या सरकारी भवनात, सरकारी खर्चाने जेवू घाला! हा मान ऑलिंपिक विजेत्यांचा. मग म्हणतो, बरं, एक मिना (तिथलं पैशाचं एकक) दंड घ्या. तेवढ्यात प्लेटो, जुना मित्र क्रिटो आणि आणखी दोघे जामीन राहायला तयार होतात आणि आकडा तीस मिनांवर जातो. त्या मित्रांची घालमेल संवादाविना, नुसत्या खाणाखुणांनी दाखवता येईल.

कित्येक शतकांनंतरचा चरित्रकार डायोजिनीस लाएर्शियस सांगतो की मृत्यूच्या बाजूने आधीपेक्षा ऐंशी मतं जास्त पडली. हे खरं धरलं तर सकाळी ज्यांनी त्याला निर्दोष म्हटलं त्यांतल्याच काहींनी त्याला मरण दिलं. तुमचं नाटक या ऐंशी जणांचं करा. सॉक्रेटिसला संत करून ठेवलंत तर ते का चिडले हे कुणालाच कळणार नाही. तो चिडवणारा दिसला पाहिजे.

आता तडफड. अजिबात नको. प्लेटोच्या 'फीडो' या संवादात सगळं बारकाईने आहे, तेच करा. बायकांना प्रेत धुवायचा त्रास नको म्हणून तो आधीच अंघोळ करून येतो. क्रिटो म्हणतो, डोंगरावर अजून ऊन आहे, एवढी घाई कशाला? विष प्यायल्यावर तो पाय जड होईपर्यंत फेऱ्या घालतो, मग उताणा पडतो. विष देणारा माणूस त्याचं पाऊल जोरात दाबून विचारतो, कळतंय का? नाही. मग पोटऱ्या, मग आणखी वर. तोंडावरचं पांघरूण बाजूला करून तो क्रिटोला सांगतो की आरोग्याचा देव अस्क्लेपियस याला एक कोंबडा देणं लागतो, विसरू नका. रडणं नटांना वाटून द्या. अपोलोडोरस हा शिष्य तर हंबरडाच फोडतो. प्लेटोला मात्र इथे उभा करू नका, तो आजारी असल्याने आला नव्हता.

प्रश्न : फिर्यादींपैकी अ‍ॅनिटसला खलनायक रंगवला तर चालेल का?

उत्तर : चालेल, पण नाटक फुकट जाईल. इ.स.पू. ४०४ मध्ये स्पार्टाच्या जोरावर तीस जणांनी अथेन्सची सत्ता बळकावली, कित्येकांना मारलं. त्यांचा म्होरक्या क्रिटियस एकेकाळी सॉक्रेटिसभोवती वावरणारा. अ‍ॅनिटस त्या तिसांविरुद्ध लढून लोकशाही परत आणणाऱ्यांतला. पुढे सर्वांना माफी जाहीर झाली, म्हणून जुनं राजकारण उघडपणे खटल्यात आणता येईना. एवढं पोटात ठेवून तो बोलू दे. मात्र याच तिसांनी सलामिस बेटावरच्या लिऑन नावाच्या माणसाला पकडून आणायला सांगितलं तेव्हा सॉक्रेटिस हुकूम न पाळता सरळ घरी निघून गेला होता, हेही कुणाच्या तरी तोंडी घाला.

प्रश्न : सॉक्रेटिसची बायको झांटिपी हिची भूमिका ज्येष्ठ अभिनेत्रीला द्यावी का? कजाग म्हाताऱ्या त्या छान करतात.

उत्तर : देऊ नका. कजागपणाची कीर्ती सॉक्रेटिसचा दुसरा शिष्य झेनोफन याच्या लेखनातून आली. 'फीडो'त ती सकाळी तुरुंगात मूल घेऊन बसलेली आहे. तुझे मित्र तुझ्याशी बोलतील ती ही शेवटची वेळ, असं म्हणून ती रडते आणि तिला घरी नेतात. तीन मुलगे, त्यांतले दोन लहान. तेव्हा पस्तिशीची नटी घ्या आणि पांढरा विग परत करा.