आर-ई की ई-आर?

प्रिय मित्रा,

पोस्टर मिळालं. वरच्या ओळीत 'थिएटर'चं इंग्रजी स्पेलिंग शेवटी ई-आर, खालच्या पट्टीत आर-ई. फोनवर विचारलंस, "सर, बरोबर कुठलं?" दोन्ही. आर-ई ब्रिटिश वळण, आपल्याकडे तेच चालतं. ई-आर अमेरिकेत नोआ वेबस्टरने आपल्या कोशांतून उचलून धरलं, पण ते त्याने शोधलेलं नव्हे. सोळाव्या-सतराव्या शतकात इंग्लंडातही तसं सर्रास लिहीत. एका पोस्टरवर एकच ठेव म्हणजे झालं.

मला बोलायचंय ते मुळाबद्दल. ग्रीकमध्ये 'थेआस्थाय' म्हणजे बघणं, आणि 'थेआत्रोन' म्हणजे बघायची जागा. अथेन्सला अ‍ॅक्रोपोलिसच्या दक्षिण उतारावर लोक बसत, तो उतार म्हणजे थेआत्रोन. नट खाली, सपाटीवर. म्हणजे हा शब्द मुळात आपला नाहीच, समोर बसलेल्यांचा आहे! भरतमुनींच्या नाट्यशास्त्रातलं 'प्रेक्षागृह' अगदी त्याच अर्थाचं. आणखी एक गंमत: 'थेआत्रोन'मधला 'त्रोन' आणि आपल्या नेत्र, शस्त्र, पात्र यांतला 'त्र' हे एकाच घराण्यातले प्रत्यय. पात्र म्हणजे मूळ पिण्याचं भांडं. नाटकातल्या पात्रात काय ओतायचं ते तू बघ.

ऑपरेशन थिएटरला थिएटर का म्हणतात, हे तुझ्या डॉक्टर बहिणीला विचार. लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलचं १८२२चं जुनं थिएटर अजून जपलेलं आहे. मध्ये लाकडी टेबल, भोवती चढत्या पायऱ्या, आणि तिथे दाटीने उभे राहून शस्त्रक्रिया बघणारे विद्यार्थी. प्रेक्षक गेले, नाव राहिलं.

आपला 'रंग' मात्र वेगळ्या वाटेने आला. संस्कृतात रंग म्हणजे आखाडाही. महाभारतात राजपुत्रांनी शस्त्रविद्या दाखवली तीही रंगातच. रंगभूमी म्हटलं की करणारा पुढे येतो, थिएटर म्हटलं की बघणारा. हल्ली तुम्ही मुलं "मी थिएटर करतो" म्हणता, तेव्हा मला जरा हसू येतं. (गावाकडचं 'थेटर' मात्र पिक्चरचंच.)

हे मला कोशातून उशिरा कळलं, आधी फजितीतून. एकदा अख्खा जेवणाचा प्रवेश मी पाटांवर बसवला होता. तालुक्याचा सपाट हॉल, बुटकं स्टेज. मध्यंतरात चहाच्या टेबलापाशी एक गृहस्थ म्हणाले, "पंगत झकास झाली म्हणतात. आम्हाला पाचव्या रांगेतून नुसत्या वाट्या ऐकू आल्या." दुसऱ्या प्रयोगाला पाट गेले, डायनिंग टेबल आलं.

तुझ्या दुसऱ्या अंकातही ती म्हातारी सतत जमिनीवर बसते. शनिवारी तालमीला येतोय. पुढच्या सोफ्यावर बसवू नकोस, मागच्या भिंतीशी एक खुर्ची टाकून ठेव.

तुझा,
सर